खांद्यावरचा हात

मी होर्डिंगं चढवतो. एकवीस वर्षं झाली.
गाद्या, वकील, कोळंबी, येशू,
जे येईल ते.
व्हिनाईलचा गुंडाळा, शिडी, ताणाचे पट्टे,
आणि नदीकडून वारा किती, ते बघून चढायचं.
चेहरे मी वाचत नाही. इतक्या जवळून
कुणाचंच नाक नाक नसतं.

त्या ऑगस्टात ऑर्डर आली रेल्वे फाटकाजवळच्या बोर्डाची,
जिथून आमची वस्ती सुरू होते.
डावीकडे कॉर्डेल, वय सतरा, सगळे दात दाखवून हसणारा.
उजवीकडे सरकारी वकील ब्रेअर्डसाहेब, हाताची घडी.
मधली अक्षरं माझ्याहून उंच:
याला आम्ही विसरू देणार नाही.
खाली बारीक, मतदानाची तारीख.

कॉर्डेल गिलरीबाईंचा. टायरच्या दुकानात हवा भरायचा,
सुटे राहिले तर गाडीमागे पळत यायचा द्यायला.
मैदानामागे मारला त्याला. दोन गोळ्या.
कुणीतरी मारलाच ना. हे मी आधी सांगतो,
कारण पुढचं ऐकताना लोक हे विसरतात.
तिसऱ्या दिवशी ज्यूवनला धरला.
शेजारचाच. दोन घरांत एक कुंपण, तेही मोडकं.

खालची कड ताणताना माझा गुडघा टेकला
एका पंजावर.
कॉर्डेलच्या खांद्यावर कुणाचा तरी पंजा, मनगटाशी कापलेला.
फोटो कापणाऱ्याला तो काढता आला नसावा,
काढला असता तर खांदाही गेला असता.
अंगठा माझ्या हाताएवढा. नखावर काळा डाग.
तो डाग मला माहीत होता.
माझ्याच ट्रकच्या दारात चेमटला होता तो अंगठा,
मागच्या उन्हाळ्यात, ज्यूवन माझ्या हाताखाली होता तेव्हा.
रडला नाही. बर्फ मागितला.

मी पट्टा आवळला. उतरलो. बिल केलं.

ब्रेअर्डसाहेबांना एकदा जवळून पाहिलंय मी.
जुना खटला, ज्यूरीसाठी बोलावलं होतं.
देहदंडाच्या कागदावर सही करताना
हात थरथरेल का तुमचा, विचारलं त्यांनी.
थरथरायला नको का, म्हटलं मी.
आभार मानले. जा म्हणाले. अगदी अदबीनं.
पार्किंगमध्ये आम्ही सहाजण, परत पाठवलेले,
सहाही एकाच रंगाचे,
आणि ते कुणी बोललं नाही.
एकजण म्हणाला, चला, जेवणाची वेळ तरी सापडली.

दुसऱ्या उमेदवाराची माणसंही आली होती म्हणे.
ती कुंपणापलीकडे गेली, ज्यूवनच्या आईकडे.
तिलाही फोटोच मागितला.

सप्टेंबरात गिलरीबाई बोर्डाखाली उभ्या.
चर्चची टोपी, हातात रिकामी फ्रेम.
मी वर होतो, एक पट्टा सुटला होता.
अख्खा दिला होता मी, त्या ओरडल्या.
मला वाटलं, पोराबद्दल बोलतायत.
उरलेला कुठाय, विचार त्यांना.
ज्यानं केलं त्याला भोगू दे,
तो ज्यूवन असला तर ज्यूवनला.
पण उरलेला फोटो कुठाय माझा?

मालगाडी आली. ऐंशी-नव्वद डबे.
ती जाईपर्यंत त्या तोंड वर करून उभ्या होत्या.

ब्रेअर्डसाहेब निवडून आले. आठवड्यात गादीची ऑर्डर आली,
पहिला महिना बिनव्याजी.
जुनं व्हिनाईल कंपनी फेकते. आम्ही नेतो,
बोटी झाकायला, छपरं झाकायला.
मी मधोमध कापलं. साहेब ट्रकमध्येच राहिले.
डावा अर्धा गिलरीबाईंच्या गळक्या छपरावर अंथरला.
तोंड खाली कर, त्या म्हणाल्या,
ऊन लागेल त्याला.

एक टोक कुंपणापलीकडे लोंबत राहिलं.
कापू का, मी वरून विचारलं.
कुठलं टोक, ते मी बघितलं नव्हतं.
त्या ऐकून आत गेल्या,
आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नळ वाहत होता.